म्हाताऱ्या पावसाच्या मुलखातून इस्रोच्या अध्यक्षांना

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था, बंगळुरू



मी मावळातली एक निवृत्त शिक्षिका. कामशेतच्या पुढे, नाणे मावळाच्या तोंडाशी असलेल्या शाळेत मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. शाळेच्या पटांगणात एक पर्जन्यमापक होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता एक मुलगा किंवा मुलगी नरसाळं उचलून बाटलीतलं पाणी मापनळीत ओतायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि मी तो वहीत लिहायची. निवृत्त झाल्यावर तसाच एक पर्जन्यमापक घराच्या परसात बसवला. वही अजून चालू आहे.

आमच्याकडे पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा धसमुसळा असतो. एका रात्रीत बांध फोडतो, खाचरातली माती घेऊन जातो. म्हातारा गाजावाजा करत नाही. जुलैच्या अखेरीला आठ-आठ दिवस एका लयीत पडत राहतो आणि लावणी झालेल्या भाताची मुळं जमीन धरतात ती त्याच्या जिवावर. तरण्या पावसाच्या गोष्टी सगळे सांगतात, पण भात पिकवतो म्हातारा, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा.

आपल्याला लिहायचं आहे ते आपल्या संस्थेच्या अशाच एका म्हाताऱ्याबद्दल. मेघा-ट्रॉपिक्स या उपग्रहाबद्दल.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-१८ वरून गेला, तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर पृथ्वी काढून त्याची वाट आखून दाखवली होती. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून तो बांधला. नावातला मेघ आपला, ट्रॉपिक्स हा उष्ण कटिबंधासाठीचा फ्रेंच शब्द. वजन हजार किलो, उंची ८६७ किलोमीटर. मुलांना सगळ्यात भावली ती त्याची वाट. हवामानाचे बहुतेक फिरते उपग्रह ध्रुवांवरून जातात, त्यामुळे त्यातल्या एकाची नजर एखाद्या गावावर दिवसातून साधारण दोनदा पडते. मेघा-ट्रॉपिक्सची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांनी कललेली होती. म्हणजे तो उत्तरेला नाशिकच्या अक्षवृत्तापर्यंत यायचा, तिथून वळायचा आणि दक्षिणेला जवळपास मॉरिशसच्या अक्षवृत्तापर्यंत जाऊन पुन्हा फिरायचा. एक फेरी सुमारे १०२ मिनिटांची. हिंदोळा जसा टोकाला जाऊन क्षणभर रेंगाळतो, तसा असा उपग्रह वळणाच्या अक्षवृत्तांजवळ जास्त वेळ काढतो. लोणावळा आहे पावणेएकोणीस अंशांवर. म्हणजे तो जिथे रेंगाळायचा, त्या पट्ट्यात आमचा मावळ येत होता. उष्ण कटिबंधातल्या एखाद्या जागेला तो दिवसातून तीन ते सहा वेळा पाहू शकायचा. घाटातला ढग तासाभरात रूप बदलतो. त्याच्यासाठी दोन नजरा आणि पाच नजरा यांत किती अंतर आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

त्याला आयुष्य दिलं होतं तीन वर्षांचं.

त्याच्यावर चार उपकरणं होती. मद्रास नावाचं मोठं उपकरण फिरत्या अँटेनाने पाऊस आणि ढगातलं पाणी मोजणार होतं. सफीर हवेच्या वेगवेगळ्या थरांतली आर्द्रता मोजणार होतं. स्कॅरॅब पृथ्वीवरून परत जाणाऱ्या उष्णतेचा हिशोब ठेवणार होतं, आणि इटलीचं रोसा जीपीएसच्या संदेशांना वातावरणात जो बाक येतो त्यावरून तापमान आणि ओलावा काढणार होतं. यातलं मद्रास हे मुख्य. २०१३ च्या जानेवारीत, चढल्यापासून पंधरा महिन्यांत, त्याची फिरकी यंत्रणा बंद पडली. मी ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, "मग बाई, आता तो आंधळा झाला?" मी म्हटलं, एक डोळा गेला, बाकीचे आहेत. ते उत्तर मी तेव्हा धीर द्यायला दिलं होतं. पुढची आठ वर्षं आपल्या माणसांनी ते खरं करून दाखवलं.

सफीरने जे केलं त्यासाठी मला आपले आभार मानायचे आहेत. ते मावळाच्या बाजूने अजून कुणी मानल्याचं माझ्या वाचनात नाही. पाण्याची वाफ १८३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी शोषून घेते. सफीर त्या जागेभोवतीच्या सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकायचं. शोषणाच्या अगदी मध्यावरचा पट्टा वरच्या हवेतल्या ओलाव्याबद्दल सांगतो, कडेचे पट्टे खालच्या थरांबद्दल. सहा पट्टे मिळून हवेचा उभा काप. विहीर खणताना जसे मुरूम, काळा दगड, ओलसर थर असे टप्पे लागतात, तसे टप्पे वरून खाली. अरबी समुद्रावरून येणारं वारं किती ओलं आहे आणि तो ओलावा किती उंचीपर्यंत भरला आहे, यावर घाटाचा पाऊस ठरतो. समुद्रावर पर्जन्यमापक मांडता येत नाहीत. तिथली हवा पाहायची तर वरूनच पाहावी लागते, आणि ढगाखालीही पाहायची तर अशाच लहरी लागतात. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने आणि युरोपच्या मध्यम पल्ला केंद्रानेही सफीरची आर्द्रता आपल्या अंदाजाच्या गणितात घेतली. जागतिक पर्जन्य मापनाच्या उपग्रहांच्या ताफ्यातही मेघा-ट्रॉपिक्सची गणना झाली. मुख्य उपकरण गमावलेल्या, ठरलेलं आयुष्य संपलेल्या उपग्रहाला हे स्थान मिळालं.

तीन वर्षांचा हा उपग्रह २०२१ पर्यंत कामात राहिला.

जुनं यंत्र चालवणं म्हणजे काय, हे घाटाखालच्या-वरच्या लोकांना थोडं कळतं. पावसाळ्यात बोरघाटातल्या रुळांवर रात्री हातात दिवा घेऊन गस्त घालणारे रेल्वेचे लोक आम्ही पाहिले आहेत. दरड कुठे सैल झाली, पाणी कुठल्या मोरीत तुंबलं, हे त्यांना पायांनी माहीत असतं. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ पासून आमच्याच लोणावळा, वळवण आणि शिरोत्याच्या पाण्यावर चालत आलं आहे. पण या लोकांना यंत्राजवळ जाता येतं. बंगळुरूतल्या आपल्या नियंत्रण कक्षातल्या माणसांना ८६७ किलोमीटर वर जाऊन एकही पेच आवळता येत नव्हता. बॅटरी दर फेरीत सावलीत रिकामी आणि उन्हात भरती होते, तिची ताकद वर्षागणिक घटते. सौर पत्रे झिजतात. एखाद्या भागाची मुख्य बाजू गेली की पर्यायी बाजूवर यायचं, आणि तीही गेली की तिसरी नसते. मोजणाऱ्या उपकरणाला स्वतःच्या प्रत्येक गिरकीत एकदा थंडगार अवकाश आणि एकदा स्वतःचा माहीत असलेला उबदार पृष्ठभाग दाखवून विचारावं लागतं, अजून तुझं माप खरं आहे ना? आमच्या मापनळीला तडा गेला तर डोळ्यांना दिसतो. तिथे तडा आकड्यांतून ओळखावा लागतो. हे काम रोज, दहा वर्षं, कुणी टाळ्या वाजवत नसताना झालं.

प्रक्षेपणाच्या दिवशी सगळा देश श्वास रोखून बघतो. मुलांना मीही दाखवत आले आहे. पण मला वाटतं, आपल्या संस्थेचं मोठेपण मेघा-ट्रॉपिक्सच्या म्हातारपणात जास्त दिसलं.

आणि त्याच्या शेवटात. तो कक्षेत तसाच सोडला असता तर शंभराहून अधिक वर्षं फिरत राहिला असता. त्याच्या टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. म्हणजे कधी काळी स्फोट होऊन तुकडे उडण्याचा धोका. त्याची रचना करताना त्याला नियंत्रितपणे खाली आणायचा विचारच झालेला नव्हता. तरी ऑगस्ट २०२२ पासून आपल्या लोकांनी वीस टप्प्यांत त्याची कक्षा खाली खाली आणली आणि त्यात १२० किलो इंधन खर्च केलं. बऱ्याच यंत्रणांच्या पर्यायी बाजू गेलेल्या होत्या, आणि ज्या उंचीसाठी तो बांधलाच नव्हता तिथल्या दाट हवेत तो चालवायचा होता. ७ मार्च २०२३. आमच्याकडे धूळवड होती. दुपारी ४ वाजून ३२ मिनिटांनी आणि संध्याकाळी ६ वाजून २१ मिनिटांनी शेवटची दोन ज्वलनं झाली, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांची. दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन पट्ट्यावर तो वातावरणात शिरून संपला. मी त्या संध्याकाळी रंगाने माखलेल्या नातवाला अंगणात आंघोळ घालत होते. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझ्या वहीत, पावसाचा रकाना रिकामा असलेल्या त्या पानावर, तारीख लिहून ठेवली.

अध्यक्ष महोदय, आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

त्या वाटेवर आपला दुसरा कुणी गेला नाही. म्हातारा गेला आणि खुर्ची रिकामी राहिली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने ट्रॉपिक्स नावाचे चार छोटे उपग्रह, प्रत्येक साधारण पावाच्या लादीएवढा, उष्ण कटिबंधातली वादळं पाहण्यासाठी न्यूझीलंडहून सोडले. त्यांच्यावरही याच वाफेच्या लहरींचं माप होतं. म्हणजे या वाटेचं मोल जगाला पटलेलं आहे. आपण ती वाट आधी चाललो होतो.

इन्सॅट मालिकेचे उपग्रह आहेत, हे मला माहीत आहे. २०१३ चा इन्सॅट-३डी, २०१६ चा ३डीआर, २०२४ चा ३डीएस. एक थकला की दुसरा तयार ठेवायचा, ही शिस्त आपण तिथे पाळली आहे, आणि त्याबद्दल आदर आहे. २००२ चा कल्पना-१ तर सात वर्षांसाठी पाठवला होता आणि पंधरा वर्षं टिकला. पण ते छत्तीस हजार किलोमीटरवरून ढगाचा माथा पाहतात. आमच्या घाटाचा पाऊस माथ्यावरून ओळखू येत नाही. नागफणीवर, राजमाचीवर जो पाऊस कोसळतो तो बरेचदा बुटक्या ढगांतला असतो. समुद्राचं ओलं वारं कड्याला धडकून वर चढतं आणि फार उंच न जाताच रितं होतं. अशा ढगाचा माथा फारसा थंड नसतो, त्यात बर्फ थोडा असतो. उपग्रहाचं गणित थंड माथा आणि बर्फ यांवर बेतलेलं असेल तर ते म्हणतं, इथे मामुली सर आहे. आणि खाली खाचराच्या बांधावरून पाणी उडत असतं. सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा पाऊस उपग्रह कमी मोजतात, हे शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. आम्हाला ते अंगावर भिजून कळतं. म्हणून आम्हाला ढगाखालचा ओलावा पाहणारं, आणि दिवसातून अनेकदा पाहणारं कुणी तरी हवं.

दुसरी अडचण अंतराची. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला त्याचा पाचवा हिस्साही नाही. माझ्या वर्गात नाण्याच्या बाजूची मुलं चिंब होऊन यायची आणि वडगावकडची मुलं कोरडी दप्तरं घेऊन. सफीरचा एक ठिपका नेमका त्याच्या खाली १० किलोमीटरचा होता. त्या एका ठिपक्यात लोहगड, विसापूर आणि पवना धरणाची भिंत मावू शकते. तेवढ्यात पावसाच्या तीन तऱ्हा असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम २६ मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. चौकट लहान झाली, उत्तम झालं. पण लहान चौकटीत भरायला समुद्रावरच्या हवेची ताजी, सारखी मापं नकोत का?

मी कुठल्याही दुर्घटनेचं ओझं उपग्रहाच्या अनुपस्थितीवर टाकणार नाही. तसं करणं खोटं होईल. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं तेव्हा मेघा-ट्रॉपिक्स वर होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या घाटाखाली इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हा तो नव्हता. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. या तिन्ही ठिकाणी पाणी आणि माणूस यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी कमी पडल्या. हवेचं माप ही त्यातली एक कडी आहे, आणि ती आपल्या हातातली आहे.

शिवाय खंड पडणं ही वेगळीच हानी आहे. वही चालवणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. एकदा आजारपणात माझे जुलैचे अकरा दिवस कोरे गेले. ते अकरा दिवस कुणी परत देऊ शकत नाही, आणि त्या महिन्याची बेरीज कुठल्याही तुलनेत वापरता येत नाही. दहा वर्षांच्या आर्द्रतेच्या नोंदीला पुढची दहा जोडता आली असती तर अरबी समुद्रावरचा ओलावा वाढतो आहे का, कुठल्या थरात वाढतो आहे, हे म्हणता आलं असतं. जुना आणि नवा काही महिने एकाच वेळी वर असते तर दोघांची मापं एकमेकांशी ताडून बघता आली असती. आता नवा गेला तरी त्याला जुन्याच्या शेजारी उभं करता येणार नाही. ही संधी गेली. पुढच्या वेळी जाऊ नये.

याबाबतीत दुसऱ्या देशाचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अमेरिका आणि जपान यांचा टीआरएमएम हा पाऊस मोजणारा उपग्रह २७ नोव्हेंबर १९९७ ला जपानहून गेला. तोही तीनच वर्षांसाठी. २००१ मध्ये त्याला ३५० किलोमीटरवरून ४०२ किलोमीटरवर चढवलं. कारण खालच्या हवेच्या घर्षणात इंधन जास्त जात होतं. २००४ मध्ये नासाने तो खाली आणायचं ठरवलं, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ उठले, हा आम्हाला हवा आहे असं जाहीरपणे म्हणाले, आणि तो निर्णय मागे घेतला गेला. तो २०१५ पर्यंत चालला. त्याच्या जागचा जीपीएम हा उपग्रह फेब्रुवारी २०१४ मध्येच वर गेलेला होता. म्हणजे म्हाताऱ्याने जाण्याआधी वर्षभर नव्याला शेजारी बसवून काम दाखवलं. आमच्याकडे सासू सुनेला भाताची दाढ टाकायला आणि आवण उपटायला असंच शिकवते, एका हंगामात दोघी एकाच खाचरात.

तेव्हा आपल्याला माझी विनंती आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने हवामान अंदाज सुधारण्यासाठीच्या मिशन मौसमला २ हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्या विचाराच्या मागोमाग, २० अंशांच्या त्या वाटेवर आर्द्रता मोजणारा आपला उपग्रह पुन्हा पाठवा. तो मोठा नसला तरी चालेल. आणि त्याचा आराखडा करताना पहिल्याच दिवशी त्याच्या म्हातारपणाचं पान लिहा. शेवटच्या उतरणीसाठी इंधन किती, तीन वर्षांनंतर त्याला चालवणारी माणसं आणि पैसा कुठून, आणि त्याच्या जाण्याआधी येणारा कोण. आपली नियंत्रण कक्षातली माणसं मेघा-ट्रॉपिक्सच्या वेळी न आखलेल्या वाटेवरून गेली आणि जिंकली. दरवेळी त्यांच्याकडून तेवढ्याच कसरतीची अपेक्षा ठेवणं योग्य नाही.

आणखी एक. कुठला उपग्रह आज किती तब्येतीत आहे, त्याचं कुठलं उपकरण थकलं, कुठल्या मापावर किती विश्वास ठेवावा, हे दरवर्षी साध्या भाषेत, मराठीतही, जाहीर करा. सातवीची मुलगी विचारू शकते तर तिला उत्तर मिळायला हवं. ती मुलगी आता तळेगावात नोकरी करते. मेघा-ट्रॉपिक्स पडला त्या आठवड्यात तिने मला फोन करून विचारलं, "बाई, गेला का तो?"

शेवटी माझ्याकडून जे देता येईल ते. घाटाचा पाऊस उपग्रहाच्या हिशोबात नीट बसवायचा तर जमिनीवरचे आकडे लागतात. नाणे मावळाच्या तोंडाशी सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस माझ्या वह्यांत आहे. २०१२ ते २०२१ हे सगळे पावसाळे त्यात आहेत, ते अकरा दिवस सोडून. मेघा-ट्रॉपिक्स डोक्यावरून जात होता तीच ही वर्षं. त्याची मापं अहमदाबादच्या आपल्या केंद्रात साठवलेली आहेत. खालची ही मापं घेऊन जायला आपण कुणाला तरी पाठवा. पुष्य लागण्याआधी पाठवा. त्यानंतर आमच्या ओढ्याचा साकव काही दिवस पाण्याखाली असतो.

आपली नम्र,
मावळातली एक शिक्षिका